दुसऱ्या धावपट्टीवरचा संशय

सांबशिवरावांचा या जगात फक्त स्वतःच्या संशयावर विश्वास होता. तंजावरच्या तालुका कचेरीत त्यांनी नोकरीभर लोकांच्या अर्जांत खोट शोधली आणि निवृत्त झाल्यावर हा उद्योग घरी आणला. कॉफीची पूड आली की ते चिमूटभर पाण्यात टाकून बघत. बुडाली ती चिकरी, म्हणजे भेसळ. देवळातल्या पोंगलात तूप कमी वाटलं की ते पुजाऱ्याच्या पोटाकडे निरखून पाहत. आपले पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले, हेसुद्धा त्यांना पुरतं पटलेलं नव्हतं. "पाहिलं कोणी?" असं ते म्हणत.

असा माणूस आमच्या नशिबानं विमानतळाशेजारी राहत होता. मी त्यांच्या पलीकडच्या घरात. दोघांच्या नारळीच्या बागा संपल्या की तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे दोन समांतर धावपट्ट्या. लांबची चालू, जवळची महायुद्धानंतर बंद पडलेली. १९६३चा उन्हाळा होता. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेल्यामुळे शिकाऊ वैमानिक दिवसभर चढत-उतरत असत, इतके की आमच्या गाईंनीही वर बघायचं सोडून दिलं होतं. सांबशिवरावांनी मात्र सोडलं नव्हतं.

एका सकाळी त्यांनी मला गच्चीवरूनच हाक मारली. "कृष्णाजी, वर या! चप्पल काढत बसू नका!"

मी वर गेलो. एक विमान चक्क जवळच्या, बंद धावपट्टीवर उतरायला निघालं होतं. ती धावपट्टी नारळाच्या झावळ्यांआड होती, पण त्या झावळ्या हलाव्यात इतकं ते खाली आलं. तेवढ्यात विमानतळाच्या मनोऱ्यावरून लाल दिवा चमकला, विमान गुरगुरत वर उठलं आणि वळसा घेऊन लांबच्या धावपट्टीवर उतरलं.

"काय वाटतं?" सांबशिवरावांनी विचारलं.

"चुकला असेल बिचारा."

"परवाही चुकला. तेव्हा वैमानिक दुसरा होता. मनोऱ्यात मात्र माणूस तोच." त्यांनी आवाज खाली आणला. "व्यंकोजी."

व्यंकोजी हा मनोऱ्यातून विमानांना खुणा करणारा तरुण. सांबशिवरावांच्या मुलीशी, भुवनेश्वरीशी, त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि मुहूर्त दोन आठवड्यांवर आला होता. मुलगा देखणा, सरकारी नोकरीतला, वर मराठी बोलणारा. असं स्थळ तंजावरात शोधायला सांबशिवरावांच्या बायकोनं, चंद्रमतीबाईंनी, तीन वर्षं घालवली होती.

पुढचे काही दिवस सांबशिवरावांनी पाळत ठेवली. सकाळची पाळी व्यंकोजीची असली की विमान वाट चुके. दुसऱ्या कुणाची असली की सरळ उतरे.

"एक तर हा पितो, नाहीतर शत्रूला सामील आहे," सांबशिवरावांनी निकाल दिला. "दोन्हींपैकी एकालाही मी मुलगी देणार नाही."

"अहो, घरी तरी विचारा!"

"घरात कुणाला सांगू? चंद्रमती हल्ली सकाळी मुलीला घेऊन कुठे जाते तेही मला सांगत नाही. देवळात म्हणते. देवळात जाताना डोक्यावर पातेलं कशाला?"

शेवटी छत्री घेऊन ते विमानतळाच्या मोठ्या साहेबांकडे निघाले आणि साक्षीदार म्हणून मला ओढून नेलं. साहेबांचं नाव सुब्रमण्यम. त्यांच्यासमोर व्यंकोजी मान खाली घालून उभाच होता.

"मीही ह्याला तेच विचारतोय," तक्रार ऐकून साहेब म्हणाले. "वैमानिक सांगतात, बंद धावपट्टीवर पांढऱ्या कापडाची खूण दिसते. एक उभी पट्टी, तिच्या टोकाला एक आडवी. आमच्या भाषेत त्याचा अर्थ, इथे उतरा. ही खूण घालतो कोण? ह्यानं आज नाव सांगितलं नाही तर नोकरी गेली."

व्यंकोजीनं नाव सांगितलं नाही. साहेबांनी आम्हा सगळ्यांना जीपमध्ये घातलं.

धावपट्टीवर खूण होती. सांबशिवरावांची एक पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, उभी, एक आडवी, आणि दोन्हींवर तांदळाच्या कुरडयांच्या ओळी, ज्यांना आम्ही इथे वडाम म्हणतो. शेजारी छत्रीखाली चंद्रमतीबाई सोवळ्यात बसल्या होत्या. भुवनेश्वरीनं आम्हाला पाहून पाठ फिरवली.

"जपून! ओले आहेत!" चंद्रमतीबाई ओरडल्या.

"अम्मा, हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"लग्नाचे वडाम. उभ्यावरचे आमचे. आडव्यावरचे सोवळ्यातले, मुलाच्या घरी द्यायचे. एकमेकांत मिसळून कसं चालेल?"

"पण इथे?"

"गच्चीवर कावळे येतात. इथे तुमच्या विमानांना भिऊन एकही येत नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते आमच्याकडे वळले. "ह्या बायकांना तुम्ही ओळखता?"

सांबशिवरावांनी नाही म्हटलं असतं तर त्यांची अब्रू वाचली असती आणि व्यंकोजी कायमचा गेला असता. त्यांनी व्यंकोजीकडे पाहिलं. तो अजूनही कुणाचं नाव घेत नव्हता.

"ही माझी बायको," ते म्हणाले. "ती माझी मुलगी. वेष्ट्या माझ्या. कुंपण माझ्या बागेतून वाकवलेलं दिसतंय. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. हे आमचे जावई. ह्यांनी दर वेळी लाल दिवा दाखवून विमान परतवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

साहेबांनी कपाळावर हात मारला. कुंपण आजच्या आज दुरुस्त करा, पुन्हा इथे वडाम दिसले तर सगळ्यांना कोठडीत घालीन, असं सांगून ते निघाले. व्यंकोजीची नोकरी वाचली. तोही त्यांच्यामागोमाग मनोऱ्याकडे पळाला.

परतताना सांबशिवरावांनी पातेलं उचललं होतं, ही अभूतपूर्व गोष्ट. मध्येच ते थांबले.

"चंद्रमती, व्यंकोजीची पाळी असेल त्याच दिवशी बरे तुमचे वडाम वाळायचे?"

"मला काय ठाऊक? आज ऊन चांगलं पडेल, चल, असं भुवनाच म्हणायची."

भुवनेश्वरी झपझप पुढे निघून गेली. सांबशिवराव वळून मनोऱ्याकडे बघत राहिले. तिथल्या काचेत दुर्बीण चमकत होती, आणि ती काही आकाशाकडे रोखलेली नव्हती.

"आता लग्न मोडता की काय?" मी घाबरून विचारलं.

"मोडतो कशाला?" त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "असा जावई शोधून सापडेल? ह्याच्यावर जन्मभर नजर ठेवता येईल!"