बिनप्लास्टरचा मनोरा

नागरिकहो, एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करते. पालघर आणि बोईसरच्या मधल्या आमच्या विद्यापीठ संकुलातला काँक्रीटचा मनोरा पूर्ण झालेला आहे. त्याला प्लास्टर होणार नाही, रंगही लागणार नाही.

हे सांगून सांगून माझा घसा बसला. आमचं सगळं जगणं या करड्या, धिप्पाड मनोऱ्याभोवती चालतं. भेटायचं त्याच्या पायथ्याशी, डबा खायचा सावलीत, रुसायचं मागच्या जिन्यात. पण नव्या माणसाला वाटतं, बिल्डर पळाला. बोईसरला अर्धवट सोडलेल्या इमारती रोज बघणाऱ्याला तसं वाटणारच.

यंदा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी घिवलीची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील नारळ-भाजीची वाडी करणारे. मनोरा पाहून ते फाटकातच थांबले.

"अर्ध्या इमारतीत पोरीला धाडायची नाय."

"काका, ती पूर्ण झालीय," प्रवेशाचं काम बघणारी मी पुढे होऊन म्हणाले. "ही बांधण्याची शैली आहे."

"पैसे संपले का शैलीच म्हणतात, बाई."

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, आपल्या घराच्या वरच्या माळ्याला तरी कुठं प्लास्टर हाय? बारावी तिथंच केली ना मी?"

"त्याचा काम चालू हाय."

"मी जन्मायच्या आधीपासून."

"वर येऊन बघा," म्हणत तिने वडिलांची सही राहिलेला अर्ज छातीशी धरला आणि सरळ मनोऱ्याचा जिना चढू लागली. तिच्यामागे वडील, त्यांच्यामागे धापा टाकत मी. दर मजल्यावर ते भिंतीवर थाप मारून म्हणत, "खाली चल." तोवर ती पुढच्या मजल्यावर पोचलेली असे.

थेट गच्ची आली. आमच्याकडे घर बांधताना गच्चीवर सळया उघड्या ठेवतात, मुलाचं लग्न ठरलं की वर मजला चढवायला. सळया दिसतात तोवर घर अपुरं. काकांनी कठड्याला हात लावत पूर्ण फेरी मारली, कोपऱ्यांत वाकून पाहिलं. सळईचं टोकसुद्धा सापडलं नाही.

मुलगी अर्ज पुढे करून उभी होती.

"झाली म्हणायची पुरी," ते पुटपुटले आणि कठड्यावर कागद टेकवून सही केली. शाई वाळायच्या आत मुलगी जिन्यात दिसेनाशी झाली.

काका मात्र त्या सपाट गच्चीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी कळवळून म्हणाले, "पण बाई, एकपण सळई नाय ठेवली? यांच्यात कोणी लग्नाचा पोरगा नाय काय?"