भटूनानांचा दबावगट

१४ ऑक्टोबर २०२४. पारोळा रस्त्यावरच्या खासगी धान्य आवारातल्या व्यापारी मंडळाने त्या दिवशी सभासदांकडून ३,४२,५०० रुपये गोळा केले. पावतीवर कारण लिहिले होते 'प्रतिनिधित्व खर्च'. पोते पन्नास किलोच्या वर नसावे, ही हमालांची मागणी मुंबईत कुणाच्या टेबलावर पोचू नये, यासाठी तो खर्च होता.

हमालांचे पुढारी भटूनाना. वय अठ्ठावन्न, मान खांद्यात रुतलेली. तरुणपणी पहिल्या संपात त्यांनी एका मुकादमाचे दोन दात पाडले होते, तेव्हापासून आवारात त्यांचा शब्द चालायचा. अमेरिकेतले एकच गाव त्यांना ठाऊक होते, शिकागो. दर एक मे रोजी १८८६ साली तिथे सांडलेल्या मजुरांच्या रक्तावर ते भाषण करीत.

मुलगी संघमित्रा धुळ्याच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतले दबावगट हा तिचा विषय. रविवारी ती घरी आली, तेव्हा नाना संपाची भाषा बोलत होते.

"आबा, तिकडे शेतकऱ्यांचे गट आहेत, डॉक्टरांचे आहेत, बंदूकवाल्यांचेही आहेत. त्यांची माणसं उघड नोंदणी करतात, कागद घेऊन खासदारांना भेटतात. दात पाडत नाहीत."

"कागदसंगे पैसा बी देतस ना?"

"देतात. ज्यांच्याकडे पैसा नाही, ते मतं मोजून दाखवतात."

"मंग शिकागोमा काय झायं?"

"त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली, आबा."

नाना हसले. पण मुलीने रात्रभर जागून पन्नास किलोच्या मागणीचे निवेदन लिहिले होते, तिचे मन त्यांना मोडवेना. या खेपेला तिच्या पद्धतीने जायचे ठरले.

हमालांची एक जुनी रीत आहे. पोते ओढायचा लोखंडी आकडा एरवी खांद्यावर अडकवलेला असतो, पण बोलणी करायला जाताना तो कुणी आत नेत नाही. बाहेर एका बारदानावर सगळ्यांचे आकडे ठेवतात. मंगळवारी दुपारीही तसेच ठेवले आणि अकरा जण मंडळाच्या कचेरीत शिरले. अध्यक्ष योगराजशेठ गादीवर होते.

"या नाना. आज हातात कागद? मास्तरीण बाईंनी शिकवलं वाटतं!"

"वाचा तर खरं, शेठ."

शेठने वाचले नाही. मागचे दार उघडले आणि कुदळीचे दांडके घेतलेली चार अनोळखी माणसे आत आली. पुढच्या दाराला बाहेरून कडी लागली. पहिला दांडका अकरांतल्या म्हाताऱ्या चुडामणच्या तोंडावर बसला. जबडा निखळला आणि म्हातारा भिंतीला टेकून खाली घसरला. सवयीने प्रत्येकाचा हात खांद्याकडे गेला आणि रिकामा परत आला. नानांनी एकाचे मनगट धरून पिरगळले, तोच त्यांच्या बरगडीवर घाव पडला. कुणाचे गुडघे फुटले, कुणाची बोटे. निवेदनाचे कागद रक्तात चिकटले. मग कडी निघाली आणि एकेकाला ओढून पायरीवरून खाली लोटण्यात आले.

दवाखान्यात संघमित्रा बापाच्या खाटेशी बसली होती.

"माझं चुकलं, आबा."

"तुनं नही, माय. आपण आकडा बाहेर ठेवात, त्यास्नी दांडका मझार ठेवात."

समोरच्या खाटेवर चुडामण होता. त्याला बोलता येत नव्हते. त्याचा मुलगा नवल, तोही हमाल, बापाच्या तोंडातली लाळ पुसत होता. बुधवारी सकाळी नाना जागे झाले, तर नवलची जागा रिकामी होती.

नाना समजले, नवल शेठकडे गेला. शेठला काही झाले तर एकजण फासावर, बाकीचे आत, आणि पन्नास किलोची गोष्ट संपली. बरगडीला आवळलेला पट्टा हाताने धरून ते रिक्षात बसले.

कचेरीत शेठ एकटेच होते. नवलने त्यांना गादीवरून खेचून भिंतीशी दाबले होते आणि आकडा वर उचलला होता.

"ठेव खाले!" नाना ओरडले.

"मना बापना जबडा, नाना! याना मी गळा फाडस!"

आकडा खाली आला. नानांनी मध्ये उजवा हात घातला. टोक तळव्यातून शिरून पलीकडे निघाले. नवल जागीच थिजला. आकड्याची मूठ त्याच्या हातात तशीच होती आणि दुसऱ्या टोकाला नानांचा पंजा लटकत होता. रक्त शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होते.

"सोड रे," नाना म्हणाले. नवलने मूठ सोडली. हातात आकडा तसाच घेऊन नाना शेठसमोर खाली बसले आणि तिथेच पडलेले कालचे निवेदन डाव्या हाताने पुढे सरकवले.

"शेठ, आता वाचा."

शेठने रक्ताने चिकटलेली पाने उलगडायला घेतली, ती सुटेनात. "तोंडी सांगा ना नाना, तोंडीच सांगा..."

"पन्नास किलो. तुमच्या मंडळाच्या शिक्क्यानिशी."

शेठने लिहून दिले. पोलिसांत ते गेले नाहीत. गेले असते तर आदल्या दिवशीचे दांडके कुणी बोलावले, हेही निघाले असते.

संघमित्राने वर्गात दबावगटांचा धडा शिकवून संपवला. कुणीतरी उदाहरण विचारले, तेव्हा तिने अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचे दिले.

त्या आवारात आता पन्नासच्या वर पोते भरत नाहीत. नानांचा उजवा पंजा मिटत नाही, त्यामुळे त्यांना आकडा धरता येत नाही. ते फाटकाशी बसून इतरांची पोती मोजतात. नवल त्यांच्या नजरेला नजर देत नाही.

तळव्याच्या टाक्यांचे बिल बाराशे रुपये झाले होते. आठशे दिले. चारशे रुपये अजून देणे आहे.