पहिला नंबर उल्कावीरचा

गावाला घटना माहीत आहे, गुन्हा माहीत नाही. आजही पारावर कुणी तो किस्सा काढतं — सेक्रेटरीनं भर सभेत कशी चोरी पकडली — आणि मी खाली मान घालून हसतो. लोकांना वाटतं, विनय आहे. कसला विनय! खरं काय ते बायकोला सांगितलेलं नाही, चेअरमनला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो — मला समजून वगैरे घेऊ नका. तसं कुणी करायला लागलं की मला त्याचाच राग येतो.

मी केज तालुक्यातल्या एका गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायची, वहीत लिहायचं. डेअरीच्या ओट्यावर मी एक छोटं वाचनालय काढलं होतं. वाचनालय कसलं — एक टेबल, एक बाक आणि तीन अंक. एक साप्ताहिक, एक शेतीचं पाक्षिक, आणि पोरांसाठी म्हणून एक चित्रांचं मासिक, ‘उल्कावीर’. आकाशातून पडलेला, तोंडावर मुखवटा, पाठीवर झूल, एका हातानं मालगाडी अडवणारा. केजच्या स्टँडवरून एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचे हे अंक. जो वाचेल त्यानं रजिस्टरात नाव लिहायचं, आणि महिनाअखेरीला मी फळ्यावर नंबर लावायचो. पहिला, दुसरा, तिसरा. नंबर लावायची खोड मला त्या उल्कावीरनंच लावली. त्याच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला चौकट असायची — कोणत्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त खप. आमचं बीड त्यात कधी आलं नाही. कुठून येणार?

मला हे कसं माहीत, असं विचारताय? अहो, तो अंक गाठोड्यातून निघाला की पहिला मीच वाचायचो. वजनकाट्याच्या मागे बसून, पाक्षिकाच्या आत धरून. पंचेचाळिशीचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी. मग अंक टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, पोरासोरांचा टाइमपास आहे. हे तर काहीच नाही, अजून पुढे आहे.

पाक्षिकात माझे लेख छापून यायचे. तीन आले होते. खाली माझं नाव, गाव, तालुका. फळ्यावर पाक्षिकाचा नंबर कायम तिसरा असायचा. साप्ताहिकात निदान मेलेल्यांचे फोटो असायचे.

मग तो दुष्काळ आला. उसालाच पाणी नव्हतं, तर कारखाने काय गाळणार? त्यांचा पट्टा लवकर पडला — म्हणजे हंगाम उरकला — आणि उन्हाळ्यात परतणाऱ्या तोडणीच्या टोळ्या संक्रांतीलाच गावात आल्या. एरवी त्या दिवसांत आमच्या गावात म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच असायचं. त्या वर्षी ओटा बायकांनी भरून गेला. एकदा टँकरची वाट बघायची, एकदा माझ्या मापाची. दुधाच्या किटल्या घेऊन तास-तास बसायच्या. त्यांच्यातच समिंद्रा होती.

समिंद्रा आमच्या भावकीतली, नात्यानं वहिनी. शाळा तिसरीपर्यंत. नंतर हातात कोयता. पण तिला वाचता यायचं. कुठल्याशा कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, तिला उल्कावीरचा एक फाटका अंक सापडला होता म्हणे, आणि चित्रावरच्या फुग्यांतली मोठी-मोठी अक्षरं लावत लावत तिनं विसरलेली अक्षरं परत आणली. हे मला कुणी सांगितलं? तिनंच. आनंदानं सांगितलं, किटली मापाखाली ठेवता ठेवता. मी ‘हां’ म्हणालो आणि फॅट लिहिली.

ती ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. आणि काय वाचायची! उल्कावीर छापील बोलायचा, ‘थांब, दुष्टा!’, आणि ही म्हणायची, “थांब बे मुडद्या, कुठं पळतुस!” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीनं विचारलं, “येवढं बळ हाय तर ह्यो आपल्याकडं बोअर कावून पाडत न्हाई?” समिंद्रानं पान बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, “पुढच्या अंकात पाडणार हाय.” मी काट्यामागे होतो. मलाही हसू आलं. ते मी गिळलं.

तिनं एक दिवस शेवटच्या पानावरची ती चौकट वाचली. मला विचारलं, “भाऊ, यात आपलं बीड कावून न्हाई?”

मी म्हणालो, “आपण एकच अंक घेतो वहिनी.”

“पर वाचणाऱ्या तर अकरा हाव आमी.”

तिला वाटलं, माझं रजिस्टर कंपनीला जातं. तिथं कुणी नावं मोजतं आणि चौकट भरतं. त्या दिवसापासून ती रजिस्टरात अकराही जणींची नावं लिहायला लागली. एकेक नाव, तिरक्या अक्षरात, जीभ बाहेर काढून. पांडुळेची कौसा, वरच्या आळीची गया, जिला दिसतही नव्हतं ती म्हातारी ठकू — सगळ्या. बीड चौकटीत यावं म्हणून. मी रोज बघत होतो. रजिस्टर कुठंही जात नाही, माझ्या टेबलाच्या खणातच राहतं, एवढं एक वाक्य सांगायला मला काय झालं होतं? नाही सांगितलं. आधी गंमत वाटली म्हणून नाही सांगितलं. मग महिना संपला, फळा लिहायची वेळ आली, उल्कावीर पहिला आला, पाक्षिक तिसऱ्यावर होतं तिथंच राहिलं — आणि गंमत संपली.

त्यातच दूध आटलं. चारा-छावणीतली जनावरं काय दूध देणार? खर्च कमी करा, असं ठरलं. चेअरमन आण्णा म्हणाले, तीन अंक कशाला, एकच ठेवू, ज्याला वाचक जास्त तो. सर्वसाधारण सभेत फळा बघून ठरवू. फळा माझाच. नियम माझाच. आणि फळ्यावर पहिला कोण? झूल पांघरलेला मुखवटेवाला! माझं नाव, गाव, तालुका छापणारं पाक्षिक बंद होणार, आणि तेही एका ऊसतोड बाईच्या अक्षरानं.

आता ऐका. इथवर मी तुम्हाला घोळवत आणलं, ते हे सांगायचं टाळत.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी डेअरी बंद करून मी आत बसलो. पाक्षिकाचे सगळे अंक काढले. सगळ्यात अवघड परिच्छेद शोधत होतो. शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्याच लेखात सापडला. ‘निकृष्ट चाऱ्याचे युरिया प्रक्रियेद्वारे पौष्टिक वैरणीत रूपांतर.’ तो लेखही माझा नव्हता, पंचायत समितीतून आलेल्या माहितीपत्रकातून उतरवलेला होता. पेन्सिलीनं खूण केली. मग मोठ्यानं वाचून बघितला. मी स्वतः तीनदा अडखळलो. तीनदा! आणि मला काय वाटलं असेल? लाज? छे. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सभा, डेअरीपुढच्या लिंबाखाली. मी रजिस्टर उघडून सगळ्यांपुढे धरलं. म्हणालो, अकरा नावं, अक्षर एकच. ही खोटी वाचकसंख्या आहे. समिंद्रा उठली. घाबरली नव्हती, तिला फक्त वाटलं की मलाच ते नीट समजलेलं नाही. म्हणाली, “त्या ऐकत्यात, भाऊ. मंग त्यांचं नाव नगं का?”

आजवर मला याचं उत्तर सापडलेलं नाही. त्या दिवशी मी विषयच बदलला. म्हणालो, “ते राहू द्या. तुम्हाला तरी वाचता येतं का? सोसायटीच्या वहीत नाव लिहिता, मग हे वाचून दाखवा.” आणि खूण केलेलं पान तिच्या हातात दिलं.

तिनं पहिल्या शब्दाला बोट लावलं. ‘नि’ म्हणाली. ‘निक’ म्हणाली. परत मागे आली. बारीक टाइप, आणि समोर दीडशे माणसं. कुणीतरी मागून म्हणालं, “उल्कावीराला बोलवा!” सभा हसली. आण्णा हसले. तिचा नवराही हसला, कसंनुसं. ती तिसऱ्यांदा ‘निक’ म्हणाली आणि थांबली. त्या दहा जणी खाली बघत होत्या. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांचं दूध माझ्याच मापात पडायचं होतं.

समिंद्रानं अंक बंद केला. माझ्या हातात दिला. पदर सावरला आणि बसली.

मला बरं वाटलं. आता हे ऐकताना तुम्हाला वाटेल की तेव्हाच आत कुठंतरी काहीतरी टोचलं असेल. नाही टोचलं. मला फार बरं वाटलं. मी लाल शाईनं अकरा नावांवर रेघ मारली आणि फळा पुसून नवा लिहिला. पाक्षिक पहिलं.

हे पाप आहे, चूक नाही. तिला वाचता येतं हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तिला वाचता येत नाही असं गावाला पटवायचं, हे मी ठरवून केलं, पेन्सिलीनं खूण करून.

दर दहा दिवसांनी डेअरीत दुधाचा पगार होतो. सभेनंतरच्या पगाराला समिंद्रा रांगेत आली. तोवर ती वहीत सही करायची, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मी पेन पुढे केलं. तिनं अंगठा पुढे केला. मी म्हणालो, वहिनी, सही करा की. ती म्हणाली, “मला कुठं लिवता येतंय, भाऊ.”

मला वाटलं, लाजली. चार पगार झाले की येईल ताळ्यावर. चार झाले, चाळीस झाले. शेवटी मीच माझी समजूत घातली, की कुणी वाचायला नाही तर अक्षर जातंच, विसरली असेल बिचारी. ‘बिचारी’! बघा कसा शब्द हाताशी येतो.

मग एकदा पावसाळ्यात मी भिंतीवर नोटीस लावली. पगाराची रांग होती. समिंद्राच्या मागे कौसा उभी होती. तिनं हळूच विचारलं, काय लिवलंय गं? समिंद्रानं भिंतीकडे बघितलं आणि एका दमात, कुठंही न अडखळता, हलक्या आवाजात वाचलं, “निकृष्ट प्रतीचे दूध स्वीकारले जाणार नाही. हुकमावरून, सेक्रेटरी.” मग कौसाला म्हणाली, “पाणी घालू नका म्हणतोय.”

मग तिचा नंबर आला. ती माझ्याकडे बघत पुढे झाली आणि अंगठा पुढे केला.

त्याला आता अठरा वर्षं झाली. बाकीच्या बायकांचा अंगठा मी धरून वहीवर टेकवतो, तशी पद्धतच आहे. ती मला हात लावू देत नाही. स्वतः टेकवते, स्वतः उचलते, शाई पदराला पुसते. पॅड मात्र मलाच धरावं लागतं. परवा पगार आहे. पॅड कोरडं पडलं होतं, आज केजहून शाई आणली.