सोलापूरला नेलेला गडू

मी सोलापूर पहिल्यांदा पाहिलं ते ताई गेल्यावर. ती जिवंत असताना जायला हवं होतं, पण आमच्या वडिलांपुढे बोलायची टाप होती कुणाची! आमचं गाव वेंगुर्ल्याच्या खाली, खाडीकाठी, आणि वडील तिथल्या मिठागरात राबायचे. गावच्या शाळेवर सोलापूरकडचा एक तरुण मास्तर बदलून आला आणि ताईनं त्याच्याशी लग्न लावलं. मास्तर लिंगायत, घरी कानडी बोलणारा, बांगडा तळायला घेतला की अंगणात पळणारा. वडील एवढंच म्हणाले, "माका ती मेली." तेव्हापासून घरात ताईचं नाव घ्यायची चोरी. आई न्हाणीघरात जाऊन, पाण्याच्या आवाजात ते नाव घ्यायची. मी ऐकलंय.

बहात्तरचा दुष्काळ सरून एकदोन वर्षं झाली असतील. ऐन उन्हाळ्यात तार आली, ताई काविळीनं गेली. वडील मिठाच्या राशी झावळ्यांनी झाकत होते. त्यांनी तार वाचून घेतली, घरी आले, फळीवरचा तांब्याचा गडू काढला आणि चिंच लावून स्वतः घासायला बसले. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा पेला विसळला नाही, तो! लखलखीत गडू आईपुढे ठेवून म्हणाले, "अस्थी घेवन ये तिच्यो. हंयच दर्यात सोडूया."

आई रडता रडता हसली. बाप लेकीला घरी बोलावतोय, एवढंच तिला कळलं होतं. स्वतः मात्र ते निघाले नाहीत. मीठ उघड्यावर टाकून कसा येऊ, म्हणाले. मग मी आणि आई निघालो.

आंबोलीचा घाट चढलो, कोल्हापूरला गाडी बदलली. सांगोल्याच्या पुढे झाडं जी संपली ती संपलीच. नुसती काळी भेगाळलेली जमीन आणि वर पांढरं आभाळ. आईनं मांडीवरचा गडू एका हातानं धरून ठेवला होता. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हंय माझी पोर रवली कशी गो?" काय मेलं ते ऊन! तोंडावर फडका ओला करून घ्यावा तर गाडी सुटायच्या आत वाळून कडक.

सोलापुरात उतरलो तेव्हा कुठल्याशा गिरणीचा भोंगा झाला आणि आई दचकून मला बिलगली. टांगेवाला आमच्याशी मराठीत बोलला, घोड्याशी उर्दूत, आणि वाटेत एका बाईनं तेलुगूत काही विचारलं तर तिलाही त्याच दमात उत्तर दिलं. गल्ल्यागल्ल्यांतून मागांची खडखड चालू होती. एरवी मला या सगळ्याची मजा वाटली असती. त्या दिवशी राग आला. माझी बहीण मेलीय आणि हे गाव आपलं खडखडतंय!

शुक्रवार पेठेत मास्तरांचं घर सापडलं. दारात पोचतो तोच आतून थपथप आवाज आला. भाकऱ्या थापत होते. आई उंबऱ्याबाहेरच थबकली. आमच्याकडे सुतकात चूल पेटत नाही, शेजारी आणून देतील ते खायचं, कुणाला शिवायचं नाही. आणि इथे चुलीवर भाकरी टम्म फुगलेली! माझं टाळकंच फिरलं. मी मोठ्यानं म्हटलं, "आई, चल परत. यांना सुनेचं सोयरसुतक दिसत नाही."

ताईची सासू बाहेर आली. तिला घरात सगळे अव्वा म्हणत. कपाळभर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि पीठ लागलेले हात. तिनं त्याच हातांनी आईला कवटाळलं. आई मागे सरत होती, "सुतक, सुतक" म्हणत होती, पण अव्वा सोडीना.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, विहीणबाई," ती म्हणाली. "ती शिवाकडं गेली, मग इटाळ कसला? आत या. दोन घास खावा आधी. रडायला बी बळ लागतंय की."

तिचे डोळे सुजून लाल झाले होते ते मला तेव्हा दिसलं. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, आम्हाला बघून उठले आणि पुन्हा बसले. आम्ही आत गेलो. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. आई भाकरीचा तुकडा नुसताच मोडत बसली.

अव्वा बोलत राहिली. "कानडी लई ग्वाड बोलायची. लिंग बांधलं आनि मासळी सोडली ती सोडलीच, कदी नाव काढलं न्हाय. पर जाड मिठाचा खडा तेवडा तोंडात धरायची. म्या म्हनायची, अगं पोरी, कशाला खारट चगळतीस? तर म्हनायची, अव्वा, घरची चव लागती."

आईनं ताट सरकवलं. तिला पुढचं ऐकवेना. पदराखालचा गडू काढून तिनं मध्ये ठेवला आणि म्हणाली, "अस्थी कुठे ठेवल्यात? वडलांनी मागवल्यात तिच्या. दर्यात सोडायच्यात."

अव्वा गडूकडे बघत राहिली. तिनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"अस्थी कुठनं आनू, बाई?" अव्वा हळू म्हणाली. "आमी जाळत न्हाई. आमी बसवतो. मांडी घालून, हातात तिचं लिंग दिऊन, मातीत बसवली तिला."

"पुरली?" आई किंचाळलीच. "माझ्या पोरीक पुरली?"

आमच्यात दात न आलेलं पोर तेवढं पुरतात. एवढी मोठी लेक पुरली म्हणजे आईच्या लेखी तिला गती नाही, काही नाही. आणि आमची अक्कल बघा, एवढ्या वर्षांत एकानं तरी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्यात काय करतात? वडिलांना नाक मुरडायला येत होतं, आम्हाला गप्प बसायला. ती माणसं कशी जगतात, कशी मरतात, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आई गडू पोटाशी धरून हुंदके देत होती आणि एकच म्हणत होती, "तेंका काय सांगू? तेंका मी काय सांगू आता?"

सकाळी अव्वा आम्हाला त्यांच्या रुद्रभूमीत घेऊन गेली. ऊन तापायच्या आत निघालो होतो, तरी चपलेतून चटका बसत होता. ताज्या मातीचा उंचवटा, त्यावर वाळलेली बेलाची पानं. आजूबाजूला अशाच किती समाध्या होत्या. मला वाटलं होतं आई पुन्हा आकांत करील. तिनं नुसतं विचारलं, "आत ऊन लागत नसेल ना तिला?"

"न्हाय लागत," अव्वा म्हणाली. "भोवतीनं इभूती हाय, बेल हाय. आनि मीठ. आमच्यात घालत्यात मीठ. गळ्यापातुर भरलंय पोरीला. पेठेतल्या दुकानात हुतं न्हवतं तेवडं सगळं आनलं तिच्या नवऱ्यानं."

आई मातीपुढे मांडी घालून बसली, समोरासमोर दोघी बसतात तशी. पदर नीट केला. हात पुढे करून तिनं हवेतच, ताईचा गाल असावा अशा उंचीवर, कुरवाळल्यासारखं केलं. मग म्हणाली, "बस गो बाय. बस." मला तिथे उभं राहवेना. मी अव्वाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. काल जिच्या दारात उभं राहून मी वाटेल ते बोलले होते, त्याच अव्वाच्या.

आम्ही परत आलो तेव्हा वडील मिठागराच्या बांधावर उभे होते. होडीवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, तो भरतीची वाट बघत खाली बसला होता. वडिलांनी अंगरखा धुतलेला घातला होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि आईनं गडू त्यांच्या हातात दिला. तो इतका हलका लागला की त्यांनी लगेच आत डोकावून पाहिलं.

"ती खंय आसा?" त्यांनी विचारलं.

आईनं सांगितलं सगळं. बसवल्याचं, लिंगाचं, बेलाचं, तोंडात खडा धरून घरची चव लागते म्हणायची त्याचं. शेवटी म्हणाली, "आणि सभोवती मीठ घातलाहा. गळ्यापर्यंत."

होडीवाल्यानं खालून हाक मारली, तिकडे वडिलांचं लक्षच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मीठ कसला होता? बारीक?"

"जाडा," आई म्हणाली. "आपल्यासारख्याच."

बांधाच्या खाली त्यांनी त्या वर्षी ओढलेल्या मिठाच्या राशी होत्या, काही झाकलेल्या, काही अजून उघड्या. दर उन्हाळ्यात त्यांतून गाड्या भरभरून घाटावर जायच्या. कुठे जातात ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. गडू त्यांच्या हातातून सुटला आणि बांधावरून घरंगळत गेला. वडील जवळच्या राशीपाशी गेले, गुडघे टेकले, मिठात कोपरापर्यंत दोन्ही हात खुपसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईचं नाव घेऊन तिला हाक मारली.