टायर ज्यानं निवडले

साहेबरावकाका अकरा वर्षं डब्यात राहिले. डबा म्हणजे बोअरच्या मशीनमागं बांधायची दोन चाकांची पत्र्याची खोली. आत दोन बाकडी, एक स्टोव्ह, भांड्यांची पेटी. मशीन गावोगाव फिरायची, डबा तिच्या मागं. बाकीची माणसं बाहेर झोपत. काका स्वयंपाक करत, सामान राखत आणि डब्यात झोपत. त्यांचं घर बिलोलीकडं होतं. तिथं ते वर्षातून एकदा जात.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. लातूर जिल्हा नवा होता. रस्त्यावरच्या पाट्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलेलं होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसून होतो. मशीन चाकूरला आली तेव्हा मालक गुरुबसप्पांनी मला पाइप मोजायला ठेवलं. सगळे मला मास्तर म्हणू लागले.

मशीन गावात शिरली की बाया संध्याकाळीच डब्याजवळ कळशा रांगेत मांडून जायच्या. त्यांना कुणी सांगत नसे. त्या वर्षी बहुतेक बोअर कोरडे गेले. धूळ निघायची, आणखी खाली गेलं की आणखी धूळ. मग पाइप आवरायचे. डबा सगळ्यात शेवटी जोडला जायचा. तोवर बाया येऊन आपापली कळशी उचलून न्यायच्या. काका त्या वेळी भांडी आवरत असत. फार आदळआपट करत. मला वाटायचं, चिडलेत.

"बायांनी शिव्या दिल्या तर बरं वाटंल," ते एकदा म्हणाले. "रिकामी कळशी उचलल्याचा आवाज लई खराब, मास्तर."

त्यांना घरी जायचं होतं, कायमचं. मालकांना त्यांनी कितीदा तरी विचारलं होतं. गुरुबसप्पा वाईट माणूस नव्हते. ते म्हणायचे, "जा की. पण डबा कोण सांभाळणार? माणूस दे आन् जा." माणूस मिळत नव्हता. मशीनवरच्या कुणालाच डब्यात राहायचं नव्हतं.

मशीनवर एक रीत होती. ज्याची वस्तू, त्यानंच ती निवडायची. जमीन फोडायचं बिट मशीन चालवणारा व्यंकटी निवडायचा. ट्रकचे टायर ड्रायव्हर निवडायचा. दुसऱ्यानं निवडलेल्या वस्तूला कुणी हात लावत नसे. मोडली तर शिवी कुणाला द्यायची?

चाकूरजवळच डब्याचा टायर फुटला. दुसराही उन्हानं तडकला होता. मशीन आता देगलूरकडं जाणार होती. मालक म्हणाले, नांदेडहून जुनी जोडी आणा.

"मास्तरला संगं नेतो," काका म्हणाले.

एसटीत ते बोलत होते. डब्याचा एक टायर दुसऱ्यापेक्षा बारका होता. त्यामुळे डबा डावीकडं कलायचा. इतकी वर्षं ते कललेलेच झोपले. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा पंचशीलाकाकूंनी झोपायला बाज टाकली. सपाट बाजेवर झोप येईना. शेवटी उठून त्यांनी एका पायाखाली वीट सरकवली.

"काकू काय म्हणाल्या?"

"म्हणली, मानूस आलाय का डबाच आलाय?"

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

नांदेडला देगलूर नाक्याजवळच्या एका दुकानात जुन्या टायरांचा ढीग होता. दुकानदार म्हाताराच होता. काका त्याला चाचा म्हणत होते. त्यानं दोन जोड्या पुढं ओढल्या. एक काळीभोर, वर नवी नक्षी चढवलेली. दुसरी फिकट, झिजलेली, पण दोन्ही टायर सारखेच झिजलेले. एकाच जीपचे होते.

"लोकायला दाखवायची असंल तर ही न्या," चाचा म्हणाला. "वर झोपायचं असंल तर ती."

"तू सांग, मास्तर."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायचं काय? वर तू झोपलायस असं समज."

मी दोन्ही जोड्या अंगठ्यानं दाबून बघितल्या. वाकून बघितल्या. मग फिकट जोडीवर हात ठेवला.

"पक्कं?"

"पक्कं."

"चाचा, ह्यानं निवडलीय बरं का. ध्यानात ठेवा."

चाचा हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी व्यंकटीनं टायर बसवले. डबा पहिल्यांदाच सरळ उभा राहिला. मालक आले. एका टायरला लाथ मारून बघितली.

"बरे हायेत. कुणी निवडले?"

काका हात धूत होते. "मास्तरनं," ते म्हणाले.

व्यंकटीनं पाना खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मालकही बघायला लागले. सगळ्यांना कळलं होतं. मला सगळ्यांत शेवटी कळलं.

"असं हाय व्हय," गुरुबसप्पा म्हणाले. "सैपाक येतो का रे, मास्तर?"

"खिचडी येते."

"चालंल. ह्याची तरी कुठं धड असायची."

काका जवळ आले. हात ओलेच होते. "न्हाई म्हण, मास्तर," ते हळूच म्हणाले. "अजून येळ हाय. मी काय रागवायचो न्हाई."

डब्याच्या दाराला त्यांची पिशवी लटकली होती. तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. नांदेडला जाण्याआधीच ती तशी बांधलेली मी पाहिली होती. तेव्हा विचारलं नव्हतं.

मी नाही म्हणालो नाही.

काकांनी किल्ली दिली. स्टोव्हची पिन कुठं असते ते सांगितलं. जय भीम म्हणाले आणि पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडं चालू लागले. चालताना ते थोडे डावीकडं कलत होते. हे मी आधी पाहिलं नव्हतं.

देगलूरकडच्या पहिल्या गावात संध्याकाळी बाया आल्या. आपसात तेलुगू बोलत होत्या. कळशा मांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धूळच निघाली. व्यंकटीनं मशीन थांबवली. मी भांडी आवरायला घेतली. बाया येताना दिसल्या तशी मी पातेली एकमेकांवर आदळायला लागलो.