काशाचा कार्यक्रम मी संपवला तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये मध्ये थांबावं लागणार नाही. मूर्खपणा सगळेच करतात हो. पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच तो संपला असं सांगून दोन जीपगाड्या भरून माणसं परत फिरवणारा महाभाग पाहिलाय का कधी? नाही ना? मग पाहून घ्या. तुमच्या समोर बसून चहा पितोय.

मी तेव्हा खोडाळ्याच्या शाळेत मास्तर होतो. मोबाइल आमच्याकडे अजून पोचले नव्हते. शाळेत प्रार्थनेला पेटी मीच वाजवायचो, त्यामुळे संगीतातलं जे काही असेल ते गुरुजींना कळतं, असा गावाचा समज. आणि तो समज दूर करायचा मी कधी प्रयत्न केला नाही. का करू? गावात तेवढाच एक मान होता!

तर आमच्या शाळेत एक काशिनाथ होता, घरचे त्याला काशा म्हणायचे. सोमादादा आणि चंद्राबाईंचा मुलगा, जवळच्या पाड्यावरचा. गणितात कच्चा, पण हात सतत बाकावर चालू. ढगचिक ढगचिक. मी त्याला प्रार्थनेच्या गटातून दोनदा हाकलला होता. सातवी झाल्यावर तो मामाकडे नाशिकला गेला तो गेलाच. दिवाळीला घरी यायचा, पण दिवाळीत मी माझ्या गावी. त्यामुळे नऊ वर्षं काही गाठ नाही.

आणि एक दिवस बाजारात पोस्टर लागलं. चार पोरं, चौघांचे केस खांद्यापर्यंत, चौघांचे डोळे काळ्या चष्म्याआड. रॉक बँड! मधल्या पोराच्या खाली नाव होतं 'कॅश'. म्हणजे आमचा काशिनाथ! कार्यक्रम जव्हारच्या मोठ्या मैदानावर, सायंकाळी सहा वाजता. मैदानाच्या एका बाजूला बसायला चार पायऱ्या होत्या, म्हणून पोस्टरवर 'स्टेडियम' छापलं होतं.

"गुरुजी, रॉक म्हंजे काय?" किराणावाल्या शांतारामशेठनी विचारलं.

आता मला काय माहीत! पण मी पेटीवाला. म्हटलं, "रॉक म्हणजे खडक. खडकासारखं भक्कम संगीत. त्यात चाल शोधायची नसते. शब्दही शोधायचे नसतात. नुसतं आत मुरू द्यायचं."

शेठ गंभीर झाले. दुकानात मीठ घ्यायला आलेला सोमादादाही गंभीर झाला.

ठरलं असं की दोन जीप करून मंडळी पाचच्या सुमारास पोचतील. मी मात्र दुपारच्या एसटीनं पुढे जायचं, सतरंज्या टाकून जागा धरायची आणि कार्यक्रम संपला की गावातर्फे काशिनाथचा सत्कार करायचा. शाल, नारळ माझ्या पिशवीत. भाषण माझ्या खिशात.

तीनला मैदानावर पोचलो. स्टेजवर कपाटाएवढाले काळे खोके, जिकडे तिकडे वायरी, आणि तीन-चार केसाळ माणसं. मी पुढेच सतरंजी टाकून बसलो. मागे बर्फाचा गोळेवाला आणि पायऱ्यांवर कॉलेजची दहा-बारा पोरं.

इतक्यात काळा बनियन घातलेला, डोळ्यांवर गॉगल, खांद्यापर्यंत केस असा एक जण माइकपाशी आला. डोळे मिटून उभा राहिला असावा. गॉगलमुळे नक्की कळलं नाही. मग म्हणाला,

"हॅलो."

थांबला.

"हॅलो... चेक... वन... टू... थ्री."

पुन्हा थांबला. मैदान शांत.

"थ्री... थ्री... थ्री..."

माझ्या अंगावर काटा आला हो! शप्पथ. मी मनात म्हटलं, सुरू झालं! पोस्टरवर सहा लिहिलंय, पण जव्हारची संध्याकाळची वीज काय भरवशाची? म्हणून शहाण्यांनी दुपारीच उरकायला घेतलं! बघा, माणूस स्वतःची समजूत किती हुशारीनं घालतो.

मग मागच्यानं ढोल वाजवायला घेतला. ढुब. थांबला. ढुब. थांबला. चांगली दहा मिनिटं नुसतं ढुब. मी मान डोलवत होतो. मग तिसऱ्यानं गिटारची एकच तार छेडली. टंऽऽग. पुन्हा तीच. पुन्हा तीच. काय तो संयम! आमच्याकडे पेटी मिळाली की पोरं दहाही बोटं एकदम ठेवतात.

आणि मग त्या खोक्यांतून अशी एक किंकाळी निघाली, कुंऽऽऽई! गोळेवाल्याचा बर्फ हातातून पडला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हीच ती तान!

"गुरुजी, हे काय चाललंय?" गोळेवाला.

"रॉक," मी म्हटलं.

मी टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर तोही वाजवू लागला. पायऱ्यांवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. ती हसत होती, पण मी म्हटलं, आनंदानं हसताहेत.

शेवटी बनियनवाला ओरडला, "ओके! झालं सगळं! बंद करा, जेवायला चला!"

झालं! मी पिशवी घेऊन स्टेजवर धावलो. त्याला कडकडून मिठी मारली. "काशिनाथ! अरे, केवढा बदललास रे!"

त्यानं कानातला कापूस काढला. "क्या?"

मनात म्हटलं, नाशिकला राहून हिंदी झालाय पोरगा. चालायचंच. मी शाल पांघरली, नारळ हातात दिला, भाषणाची पहिली चार वाक्यं म्हणून घेतली.

"अरे सरजी, ये काहे को?"

"तुझ्या कष्टांसाठी, बाळा!"

त्यानं गॉगल काढला. डोळ्यांत पाणी! म्हणाला, "बीस साल हो गया इस लाइन में. पहली बार किसीने शाल दिया."

वीस वर्षं? पोरगं मुळात बावीसचं. पण मी मनावर घेतलं नाही. गणितात कच्चाच होता तो.

मग ती मंडळी टेम्पोत बसून निघून गेली आणि मी सतरंज्या गुंडाळून, आमच्या जीप येणार त्या मोखाड्याच्या रस्त्याला, नाक्यावर येऊन उभा राहिलो. पाऊण तासानं आमच्या जीप आल्या. मी दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध.

"संपला!"

"काय संपला?" पुढच्या जीपमधून शांतारामशेठ.

"कार्यक्रम! वीज जाईल म्हणून लवकर घेतला. पण काय रंगला, शेठ! तुम्ही हवे होतात!"

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, आधी कळवायचं नाही का. कोणी म्हणालं, बरं झालं, म्हशीची धार तरी वेळेवर होईल. मागच्या जीपमधून चंद्राबाई उतरल्या. नवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी.

"संपला?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोऱ्यानं माझी वाट नाय बघली?"

"अहो, त्याच्या हातात होतं का ते! टेम्पोत बसून गेलेसुद्धा. पण मी सत्कार केला. रडला तो!"

"रडला?" त्यांचेही डोळे भरून आले.

सोमादादानं विचारलं, "गाणं कंचं म्हटलं?"

"वन टू थ्री."

"आकडं?"

"आकडेच. पण त्यामागची भावना..."

सोमादादानं मान डोलावली. म्हणाला, "म्हंजे शिकला गणित."

गाड्या वळल्या. शेठांची जीप भुर्रकन पुढे गेली. आमची मागे राहिली, कारण चंद्राबाई जीपमध्ये चढेचनात. मैदानाच्या दिशेनं बघत उभ्या होत्या. शेवटी मीच हाताला धरून चढवलं. स्वतःच्या हातानं, लक्षात घ्या!

वाटेतल्या एका वळणावर समोरून पांढरी गाडी आली. आमच्या ड्रायव्हरनं, हिरामणनं, गाडी कडेला घेतली. तर ती पांढरी गाडी कचकन थांबली, दार उघडलं आणि आतून एक केसाळ पोरगा उडी मारून ओरडत आला,

"आये!"

चंद्राबाईंच्या पाया पडला. सोमादादाच्या पाया पडला. मग माझ्या. वर बघून म्हणाला, "गुरुजी! पण तुम्ही सगळे उलटे कुठं चाललात? कार्यक्रम तर सहाला आहे. आमचं टायर फुटलं म्हणून आम्हालाच उशीर झाला."

जीपमध्ये माझ्याशिवाय अकरा माणसं होती. अकराच्या अकरा माना माझ्याकडे वळल्या.

"मंग," चंद्राबाई हळूच म्हणाल्या, "गुरुजींनी शाल कोणाला घातली?"

रस्त्याच्या कडेला दरी होती. खोल होती. मी एकदा तिच्याकडे बघितलंही. पण तेवढं धैर्य असतं तर मी मास्तर कशाला झालो असतो?

सगळं सांगावं लागलं. हॅलो, चेक, वन टू थ्री, ढुब, किंकाळी. काशिनाथ ऐकता ऐकता रस्त्यावर खालीच बसला. पोट धरून हसत होता. "गुरुजी, तो आमचा साउंडवाला! माइक चालतो की नाही बघत होता!"

"मला काय माहीत," मी म्हटलं, "माइक चालू आहे की नाही हे बघायला एक तास लागतो! आमच्याकडे टिचकी मारून बघतात!"

हिरामणनं जीप वळवली. शेठांची जीप मात्र केव्हाच पुढे निघून गेली होती. खोडाळ्याला फोन लावावा, तर तिथला फोनवाला आमच्याच जीपमध्ये, बूथची किल्ली खिशात घेऊन.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. मैदान भरलं होतं. माझी शाल पांघरून साउंडवाला आपल्या टेबलापाशी राजासारखा उभा होता. मला बघून त्यानं नमस्कार केला. मी मान खाली घातली.

आणि मग ते वाजलं. आता कसं सांगू? पहिल्या फटक्याला माझ्या सदऱ्याची बटणं थरथरली. काशिनाथ गात होता की कुणाला भांडायला बोलावत होता, शेवटपर्यंत उमगलं नाही. पायऱ्यांवरची पोरं तर वेडी झाली. तिसऱ्या गाण्याला दोघा-तिघांनी एकमेकांच्या कमरेत हात घातला आणि बघता बघता, पाड्यावर तारपा वाजवून नाचतात तसा मोठा गोल फिरायला लागला. काशिनाथनं ते बघितलं, मागच्याला खूण केली, आणि ढोलाचा ठेका त्यांच्या पायांबरोबर चालू लागला. तेवढं एक मात्र खरंच झकास झालं.

दोन म्हातारे मात्र उठून गेले. जाताना मला सुनावून गेले, जणू मीच वाजवत होतो.

सोमादादाला मी कानाशी जाऊन विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं हाय," तो ओरडला. "रातचं शेतात लावलं तर डुक्कर फिरकायचा नाय."

चंद्राबाईंनी दोन्ही कानांवर पदर घट्ट दाबला होता. पण डोळे? डोळे एकदाही मिटले नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "मना काय कळलं नाय गुरुजी. पण घामानं निथळलाय. जाते, भाकर देते." आणि त्या गर्दीतून सरळ स्टेजकडे चालू लागल्या. सगळ्यांनी वाट दिली.

खरा गोंधळ पुढेच. शेठांची जीप माझं वर्णन घेऊन गावात पोचली होती. त्यांनी गावभर सांगितलं, काय रंगला, काय शांत संगीत, एकेक सूर थांबून थांबून! आमची जीप सांगतेय, अहो कान फुटले! आठवडाभर बाजारात भांडणं. ज्यांनी कार्यक्रम ऐकला नाही ते कौतुक करताहेत, ज्यांनी ऐकला ते नावं ठेवताहेत. दोन्ही बाजू शेवटी म्हणायच्या, विचारा गुरुजींना! मी शाळेतून मागच्या दारानं घरी जायला लागलो.

पुढच्या रविवारी काशिनाथ माझ्या घरी आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, सगळे चांगलं चांगलंच बोलतात. तुम्ही मला शाळेत खरं सांगायचात, दोनदा हाकललंही होतं. आता खरं सांगा. तुम्ही त्या दिवशी दोन्ही ऐकलंत, साउंडवाल्याचं आणि आमचं. मनाला काय भिडलं?"

पोरगं इतक्या विश्वासानं विचारत होतं. खोटं कसं बोलू? म्हटलं, "काशिनाथ, रागावू नकोस. मला तो साउंडवालाच जास्त आवडला."

"अहो गुरुजी, तो नुसता वन टू थ्री म्हणत होता!"

"हो रे," मी म्हटलं, "पण शब्द तरी कळत होते!"