वाढायला पुढे, जेवायला मागे

घरी पाहुणे जेवायला आले की ताई बाह्या सरसावून वाढायला उभी राहायची. कुणाला काय हवं ते न सांगता ओळखायची, आणि नको नको म्हणणाऱ्याच्या ताटातही एक डाव सोडायचीच. "आमची ताई म्हणजे कामाला वाघ," असं भाऊ कौतुकानं सांगायचा. सगळ्यांची जेवणं आटोपली की ती आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून जेवायची. असं का, हे एवढ्या वर्षांत घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

कारण तिच्या तोंडावरच होतं. खालचा जबडा पुढे आलेला, त्यामुळे पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. ब्रेडचा तुकडा तोडायचा तरी मान वाकडी करून दाढेखाली धरावा लागे, आणि चावताना हनुवटी आडवी फिरे. शाळेत पोरं तिला 'उंट' म्हणायची. तेव्हापासून कुणासमोर घास तोंडात घालायचा म्हटलं की ती काहीतरी काम काढून उठायची.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर आरसा धरायचा, फ्रेमची काडी गरम करून कानामागे बसेल अशी वाकवायची. अगदी सरळ चेहरा कुणाचाच नसतो, एक कान वर तर एक खाली असतोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं जेवण काही सोपं होत नव्हतं. पुढे दाढा झिजल्या, कानापुढे ठणका लागला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

"ऑपरेशन करावं लागेल. आधी दातांना तारा, मग जबड्याचं हाड कापून मागे सरकवायचं आणि धातूच्या छोट्या पट्ट्यांनी जोडायचं. खालचा ओठ बधिर होईल. बहुतेकांचा सुधारतो, काहींचा नाही."

आई उखडलीच. "चांगलं धडधाकट हाड कापून घेतेस? या वयात कुणाला दाखवायचाय चेहरा?"

"दाखवायचा नाही गं," ताई म्हणाली. "चारचौघांत बसून जेवायचंय."

ऑपरेशन झालं. चेहरा भोपळ्यासारखा सुजला, आणि कित्येक आठवडे सगळं पातळ करून पिणं नशिबी आलं. सूज उतरल्यावर आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, "बरी दिसतेस" म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. दात आता नीट जुळत होते. ओठ मात्र वर्ष उलटलं तरी बधिरच राहिला. जेवताना रस्सा हनुवटीवरून ओघळायचा आणि कपड्यांवर पडल्यावरच तिला कळायचं. एवढं सोसून पुन्हा एकटीनंच जेवायचं, या विचारानं एकदा ती ताटावरच रडली.

मग भावाकडे सगळ्यांचं जेवण ठरलं. वहिनीनं सवयीनं डाव तिच्यापुढे केला. ताईनं तो टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून मधोमध बसली.

"आज मला वाढा," ती म्हणाली. "आणि माझ्या ओठाला काही कळत नाही. हनुवटीला लागलं तर सांगायचं, लाजायचं नाही."

"अगं, म्हणजे इतकी वर्षं तू..." भावाच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला.

ताईनं ब्रेड पुढच्या दातांनी तोडला. सगळं टेबल तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"आत्या, डावीकडे," भाची म्हणाली.

ताईनं हनुवटी पुसली आणि दुसरा घास घेतला.